‘इन्फेक्शन वाढलं’ म्हणजे नेमकं काय झालं?

कुणाच्या घरी भेटायला गेलं की हे वाक्य हमखास कानावर पडतं. ‘‘ऑपरेशन छान झालं होतं हो. दुसऱ्या दिवशी उठून बसले, चहा-बिस्किटसुद्धा घेतलं. मग काय झालं कोण जाणे, इन्फेक्शन वाढलं.’’ आपण मान हलवतो, ‘तेवढाच योग’ म्हणतो आणि डोळे टिपून उठतो. ते इन्फेक्शन घरून गेलं होतं की दवाखान्यात मिळालं, इतकी भारी औषधं चालू असताना ते वाढलं कसं, हे काही कुणी विचारत नाही. दुःखाच्या घरात ते विचारूही नये. पण एरवी तरी विचारायला हवं की नको?

मला वाटतं, हवं. कारण पावसाळ्यात गवत वाढतं तसं हे आपोआप वाढत नाही. ते कुठल्या तरी वाटेने आत येतं, ती वाट ठाऊक असते आणि बरेचदा ती बंदही करता येते. शिवाय ते मोजता येतं. मोजायचं ठरवलं तर!

आपल्याकडे काही ठिकाणी ते मोजलं गेलंय. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने देशातली काही रुग्णालयं एकत्र आली आणि २०१७ ते २०२४ अशी सात वर्षं त्यांनी आपल्या अतिदक्षता विभागांतल्या, म्हणजे आयसीयूतल्या, इन्फेक्शनची नोंद ठेवली. ५४ रुग्णालयं, २०० आयसीयू. हा अभ्यास २०२५ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात रक्तात इन्फेक्शन झाल्याच्या ८,६२९ घटना नोंदल्या आहेत. आणि ही फक्त एका प्रकारच्या नळीमुळे झालेली इन्फेक्शन्स, ‘सेंट्रल लाइन’मुळे.

सेंट्रल लाइन म्हणजे काय, तर आयसीयूतल्या पेशंटच्या मानेत, छातीवर नाहीतर जांघेत जी जाड नळी घातलेली दिसते ना, ती. हातातल्या सलाईनपेक्षा ती खूप आत, हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत गेलेली असते. भारी औषधं तिच्यातूनच द्यावी लागतात, त्यामुळे ती हवीच. पण आपली कातडी म्हणजे शरीराचा कोट. त्या कोटाला आपण एक दार पाडलं की त्या दारातून औषधाबरोबर जंतूही आत जाऊ शकतात, आणि तेही थेट रक्तात. रक्तात जंतू शिरले की ते अंगभर पोचतात. ताप चढतो किंवा अंग एकदम गार पडतं, रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, माणूस भ्रमिष्टासारखं बोलायला लागतं. डॉक्टर याला ‘सेप्सिस’ म्हणतात.

त्या अभ्यासातला आकडा असा, की ही नळी लावलेल्या दर एक हजार दिवसांमागे जवळपास नऊ इन्फेक्शन्स झाली. सोपं करून सांगते. शंभर पेशंट आहेत आणि प्रत्येकाला ही नळी दहा-दहा दिवस आहे, असं धरा. म्हणजे झाले हजार दिवस. त्या शंभरांत सुमारे नऊ वेळा नळीच्या वाटेने रक्तात इन्फेक्शन गेलं. ज्या आजारासाठी माणूस भरती झाला होता तो वेगळाच, हे वरचं दुखणं. आणि लक्षात घ्या, ही मोजायला तयार झालेल्या रुग्णालयांची गोष्ट आहे. आपल्या तालुक्याच्या गावात पाच खाटांचा आयसीयू असतो. तिथे असं कुणी मोजतं का, हे तुम्हीच आठवून बघा.

आता दुसरा प्रश्न. इन्फेक्शन झालं तर झालं, अँटिबायोटिक्स आहेत की! खरी गोम इथेच आहे. ती लागू पडत नाहीत.

माझ्या वहिनीच्या आईंना काही वर्षांपूर्वी पोटाच्या ऑपरेशननंतर आयसीयूत ठेवलं होतं. गावाचं आणि दवाखान्याचं नाव इथे महत्त्वाचं नाही. पाचव्या दिवशी ताप चढला, रक्त तपासायला पाठवलं. दोन दिवसांनी रिपोर्ट आला. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तो आमच्यापुढे धरला आणि म्हणाल्या, ‘‘काकू, हे बघा.’’ एका बाजूला औषधांची लांबलचक यादी आणि प्रत्येक औषधापुढे एक इंग्रजी अक्षर. ‘एस’ म्हणजे हे औषध या जंतूवर चालेल. ‘आर’ म्हणजे चालणार नाही, जंतू त्याला दाद देत नाही. वरपासून खालपर्यंत ‘आर, आर, आर, आर’. अगदी शेवटाला एक अक्षर वेगळं. ‘‘एवढंच उरलंय,’’ त्या म्हणाल्या, ‘‘आणि याने किडनीला त्रास होऊ शकतो.’’ वहिनीच्या आई त्यातून उठल्या, पण एकवीस दिवसांनी. मधल्या काळात वहिनीच्या भावाने सोनं गहाण ठेवलं.

ते उरलेलं औषध होतं कोलिस्टिन. हे काही नवीन संशोधन नव्हे, जुनंच औषध आहे. किडनीला सोसत नाही म्हणून डॉक्टरांनी ते जवळपास बाजूला ठेवून दिलं होतं. चांगली औषधं निकामी व्हायला लागली तेव्हा माळ्यावरचं जुनं भांडं काढावं तसं ते पुन्हा काढावं लागलं.

परिस्थिती किती वेगाने बदलतेय ते बघा. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे ‘आयसीएमआर’, मोठमोठ्या रुग्णालयांतून दरवर्षी अशा जंतूंची माहिती गोळा करते. क्लेबसिएला नावाचा एक जंतू आहे, आयसीयूतल्या रक्ताच्या इन्फेक्शनमध्ये वारंवार सापडणारा. त्याच्यावर इमिपेनेम हे अगदी वरच्या पायरीचं इंजेक्शन २०१७ मध्ये शंभरातल्या साधारण ५८ वेळा चालत होतं. २०२३ मध्ये ते शंभरात ३५-३६ वेळाच चालायला लागलं. सहा वर्षांत एवढा फरक!

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘‘माझ्या अंगाला ते औषध लागतच नाही, सवय झालीय,’’ असं आपण म्हणतो. सवय आपल्या अंगाला होत नाही, जंतूंना होते. आपण अँटिबायोटिक घेतो तेव्हा त्याने मरणारे जंतू मरतात, चिवट तेवढे मागे राहतात आणि मोकळ्या रानात तेच फोफावतात. एकच तणनाशक सारखं मारलं की शेतात न मरणारं तण उरतं, हे शेतकरी घरातल्या बायकांना वेगळं सांगायला नको. वर हे जंतू आपली ही विद्या दुसऱ्या जंतूंना देतात. शेजारणीने लोणच्याची कृती चिठ्ठीवर लिहून द्यावी ना, तशी एक जंतू दुसऱ्याला ‘या औषधातून कसं वाचायचं’ याची चिठ्ठीच देतो. दुसरा वेगळ्या जातीचा असला तरी चालतं.

आणि हे चिवट जंतू राहतात कुठे? पुष्कळदा आपल्याच आतड्यात. तिथे ते काही त्रास देत नाहीत, गुपचूप असतात. पण उद्या आपण भरती झालो, लघवीची नळी लागली, मानेत लाइन लागली, कुणाच्या न धुतलेल्या हाताने ते इकडचे तिकडे गेले, की तेच जंतू रक्तात शिरतात. म्हणजे साध्या सर्दीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेल्या ‘हाय पॉवर’ गोळ्या आणि आयसीयूतल्या रिपोर्टवरचे ते ‘आर’, या दोन गोष्टी एकमेकींपासून वाटतात तितक्या लांब नाहीत. सर्दी-पडसं, बहुतेक घसादुखी, फ्लू हे विषाणूंचे आजार. त्यांच्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नसतो. आठवड्यात बरं वाटतं ते आपलं आपणच, श्रेय मात्र गोळीला जातं!

याची सगळ्यात मोठी किंमत कोण मोजतं? ज्यांना तक्रारही करता येत नाही अशी बाळं. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात भरती झालेल्या तेरा हजारांहून जास्त बाळांचा अभ्यास झाला. शंभरातल्या चौदा बाळांना सेप्सिस झालं. ज्यांना झालं त्यांतली जवळपास पाव बाळं दगावली. बाळांमध्ये सापडलेल्या ॲसिनेटोबॅक्टर या जंतूंपैकी ८२ टक्के जंतू अनेक औषधांना दाद न देणारे होते. आणि जवळपास दोन-तृतीयांश वेळा सेप्सिस जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतच झालं होतं. म्हणजे प्रसूतीची खोली, तिथली टेबलं, तिथले हात, पेटीत ठेवतानाची स्वच्छता, सगळंच तपासायला हवं. आपण बायकांना ‘घरी नको, दवाखान्यातच बाळंत व्हा’ म्हणून सांगतो आणि ते बरोबरच आहे. मग दवाखान्याने आपली बाजू सांभाळायला नको?

बाळंतपण आणि हात यांची गोष्ट तर फार जुनी आहे. १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात दोन वॉर्ड होते. एकात डॉक्टर आणि विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या वॉर्डात बाळंतरोगाने बायका पटापट जात. ‘आम्हाला सुईणींच्याच वॉर्डात घ्या’ म्हणून बायका अक्षरशः पाया पडत. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शोधून काढलं, की डॉक्टरमंडळी शवविच्छेदन करून तशीच बाळंतिणीकडे येतात. त्याने क्लोरीनच्या पाण्याने हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये त्या वॉर्डात शंभरातल्या अठरा बाळंतिणी जात होत्या, जुलैमध्ये जेमतेम एक. तेव्हा अँटिबायोटिक नावाची चीज जगात नव्हती. बायकांना हे आधीच दिसत होतं, हेही विसरू नका.

‘‘हे जुनं झालं हो, आता कुठे शक्य आहे?’’ असं कुणी म्हणेल. तर अलीकडचंही सांगते. अमेरिकेत पीटर प्रोनोव्होस्ट या डॉक्टरने सेंट्रल लाइन घालताना पाळायच्या पाच गोष्टींची साधी यादी केली. हात धुवा. टोपी, मास्क, गाऊन, हातमोजे घाला आणि पेशंटवर पूर्ण निर्जंतुक चादर टाका. कातडी क्लोरहेक्सिडीनने पुसा. शक्यतो जांघेतून नळी घालू नका. आणि गरज संपली की नळी लगेच काढा. यात नवीन औषध नाही, महागडं यंत्र नाही. मिशिगन राज्यातल्या शंभराहून अधिक आयसीयूंनी ही यादी पाळली. तिथला सरासरी दर हजार दिवसांमागे ७.७ होता, दीड वर्षात तो १.४ वर आला. आपल्या अभ्यासातला दर ८.८ आहे, म्हणजे ते सुरुवातीला जिथे होते त्याच्या थोडं वरच. तो खाली आणणं अशक्य कोटीतलं नाही, एवढाच याचा अर्थ.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. यादीतली एखादी पायरी डॉक्टर विसरले, तर नर्सने त्यांना तिथल्या तिथे थांबवायचं, हा अधिकार नर्सला दिला होता! आपल्याकडे किती सिस्टर मोठ्या डॉक्टरांना ‘सर, हात धुवायचे राहिले’ असं म्हणू शकतील? एक सिस्टर रात्रपाळीत किती पेशंट सांभाळते, तिला दोन पेशंटच्या मध्ये हात धुवायला वेळ तरी मिळतो का, बेसिनला पाणी येतं का? म्हणून म्हणते, इन्फेक्शनचा प्रश्न हा नुसता जंतूंचा नाही. तो नोकरभरतीचा आहे, पाण्याचा आहे आणि कुणाचं बोलणं ऐकून घेतलं जातं याचाही आहे.

सरकारने काहीच केलं नाही असं नाही. एका नव्या चिवटपणाच्या प्रकाराला शास्त्रज्ञांनी ‘न्यू दिल्ली’चं नाव दिलं, त्यावरून २०१० मध्ये देशाची बदनामी झाली म्हणून केवढा गदारोळ झाला! नावावरून भांडलो खरे, पण त्यानंतर पावलंही पडली. मार्च २०१४ पासून ‘शेड्यूल एच-वन’ लागू झालं. त्या यादीतली वरची अँटिबायोटिक्स विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टरांची चिठ्ठी बघून नोंदवहीत नोंद करायची, असा नियम आला. २०१६ मध्ये पाकिटावरच्या लाल रेघेची मोहीम झाली. ही रेघ असलेलं औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. २०१९ मध्ये कोंबड्या आणि जनावरांना कोलिस्टिन द्यायला बंदी झाली. केरळने २०२४ मध्ये चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक विकणाऱ्या दुकानांवर धाडीच घातल्या. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने २०२९ पर्यंतचा दुसरा राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला.

पण या सगळ्यात मला एक खटकतं. बहुतेक वेळा बोट दाखवलं जातं ते आपल्याकडे आणि मेडिकलवाल्याकडे. ‘गोळ्या मनाने घेऊ नका’ हे आपल्याला सांगतात आणि ते खरंच आहे. पण आयसीयूच्या काचेमागे काय चाललंय, ते आपल्याला कुणी सांगत नाही. तिथल्या इन्फेक्शनचा दर किती, तो वाढतोय की कमी होतोय, हे पेशंटच्या माणसांना कळायची सोय आपल्याकडे नाही. बिलात हातमोजे किती लागले ते लिहिलेलं असतं, इन्फेक्शन कुठून आलं ते नसतं.

मग आपण काय करायचं? दवाखान्यात पेशंटच्या उशाशी बहुतेक वेळा आपणच बसलेल्या असतो. त्यामुळे काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

घरी सर्दी-तापाला ‘चांगली स्ट्राँग गोळी द्या’ असा हट्ट डॉक्टरांकडे धरू नका. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावून टाका’ हेसुद्धा नको. ती सुईदेखील एक दारच आहे. फ्रीजवरच्या डब्यातल्या उरलेल्या गोळ्या शेजारच्या मुलाला देऊ नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध सांगितलं तितके दिवस, सांगितलं त्या वेळेला घ्या.

दवाखान्यात पेशंटला हात लावण्याआधी आणि नंतर हात धुवा, भेटायला आलेल्यांनाही धुवायला लावा. वाईट वाटलं तर वाटू दे. नळीच्या जागी हात लावू नका. तिथे लाली, पू दिसला, पट्टी ओली झाली की लगेच सिस्टरना सांगा. आणि रोज सकाळी डॉक्टर राऊंडला आले की नम्रपणे विचारा, ‘‘डॉक्टर, ही नळी आज अजून लागणार आहे का?’’ एवढ्या एका प्रश्नानेही कुणाला तरी आठवण होते. अँटिबायोटिक सुरू केलं तर ‘‘कल्चरला रक्त पाठवलंय का? रिपोर्ट आल्यावर औषध बदलायचं का?’’ हेही विचारा. आवाज चढवायची गरज नाही. चांगल्या डॉक्टरांना अशा प्रश्नांचा राग येत नाही.

एक मात्र उलट बाजूनेही सांगते. हे वाचून अँटिबायोटिकलाच घाबरू नका. खरंच सेप्सिस झालं असेल तर ते औषध वेळेवर मिळणं म्हणजेच जीव वाचणं. तिथे तासातासाला महत्त्व असतं. ऑपरेशननंतर, बाळंतपणानंतर किंवा नवजात बाळाच्या बाबतीत ताप, अंग गार पडणं, धाप, बाळाने अंगावर पिणं सोडणं असं काही दिसलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. औषध जपून वापरायचं ते अशाच वेळेला कामाला यावं म्हणून.

आणि शेवटचं मागणं. महाराष्ट्रात २०२१ मध्ये नियम झाला, की खासगी रुग्णालयांनी मुख्य सेवांचे दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायची. आज अनेक ठिकाणी तो फलक भिंतीवर दिसतो. त्याच भिंतीवर आणखी एक ओळ का नसावी? ‘आमच्या आयसीयूत मागच्या तीन महिन्यांत हजार दिवसांमागे इतकी इन्फेक्शन्स झाली.’ सरकारी दवाखान्यात रुग्ण कल्याण समिती असते. तुमच्या महिला मंडळातली, बचत गटातली कुणी तिथे सदस्य असेल, नगरपालिकेत निवडून गेली असेल, तर पुढच्या बैठकीत तिने एवढंच विचारावं, ‘‘आपल्याकडे इन्फेक्शन मोजतात का?’’ मोजत नसतील तर का नाही, हा पुढचा प्रश्न. तो आकडा पहिल्यांदा मोठाच येईल, दवाखान्याला थोडी लाजही वाटेल. पण एकदा तो लिहायला लागले की कमी करायचं मनावर घेतलं जाईल, आणि रात्रपाळीच्या सिस्टरला हात धुवायला वेळ, साबण आणि पाणी मिळेल.